कपभर दूध आणि २० लिटरचा सोलो मायक्रोवेव्ह

दुकानात मायक्रोवेव्ह बघायला गेलं की विक्रेता केक, पिझ्झा आणि तंदुरीबद्दल बोलतो. घरात आल्यावर महिन्याभरात त्या यंत्राची खरी कामं ठरतात: कालची भाजी, आमटी आणि दुधाचा कप. त्यातल्या शेवटच्या कामापुरतंच हे परीक्षण. यंत्र म्हणजे २० लिटरचा, ७०० किंवा ८०० वॅटचा, ग्रिल-कन्व्हेक्शन नसलेला साधा सोलो मायक्रोवेव्ह. बाजारात तो साधारण पाच ते साडेसात हजारांत मिळतो आणि कंपनी कोणतीही असली तरी आतली रचना जवळपास सारखीच असते.

निकाल आधी सांगून टाकू. एक-दोन कप दूध पिण्याइतकं गरम करायला हे यंत्र उत्तम आहे. भांडं घासायचं वाचतं, बुडाला दूध करपत नाही, दीड मिनिटात काम होतं. पण सकाळी आलेलं लिटरभर दूध उकळी आणून ठेवायचं काम त्याचं नाही. घरोघरी फसगत होते ती हा फरक न पाळल्यामुळे.

पिशवीचं दूध, गोकुळ असो, चितळे, कात्रज, महानंद किंवा अमूल, डेअरीतून पाश्चराइज होऊनच बाहेर पडतं. म्हणजे ते किमान ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद ठेवून लगेच थंड केलेलं असतं. दुकानापासून घरापर्यंत ते थंड राहिलं असेल आणि पिशवीवरच्या तारखेच्या आत असेल तर थेट कपात ओतून गरम करून प्यायला हरकत नाही. टेट्रापॅकमधलं दूध त्याहून जास्त, १३५ अंशांच्या पुढे, तापवलेलं असतं. त्याचाही प्रश्न नाही. (पॅक मात्र तसाच आत ठेवू नका. त्यात ॲल्युमिनियमचा थर असतो. प्लास्टिकची पिशवीही नको.)

गवळ्याकडचं सुटं दूध ही वेगळी गोष्ट. ते कच्चं असतं आणि त्यातले जंतू मरायला दुधाचा थेंबन्‌थेंब पुरेसा तापावा लागतो. मायक्रोवेव्हमध्ये वरचं दूध उसळ्या मारत असताना तळाचं ५० अंशांवर असू शकतं. कप हाताला चटका देतो म्हणून आतलं सगळं दूध निर्धोक झालं असं होत नाही. सुटं दूध गॅसवर ढवळत पूर्ण उकळी येईपर्यंत तापवा, गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि मग त्यातून कपापुरतं घेऊन मायक्रोवेव्ह वापरा. साय साठवून लोणी-तूप काढणाऱ्या घरांत तर पातेलं सुटणारच नाही. कपात आलेल्या पातळ पापुद्र्यातून तूप निघत नाही.

आता उतू जाण्याबद्दल, कारण बहुतेकांची तक्रार तीच असते.

गॅसवर दूध खालून तापतं. तळाचं गरम दूध हलकं होऊन वर येतं, वरचं खाली जातं, आणि पातेलं आपोआप ढवळलं जातं. मायक्रोवेव्हमध्ये लहरी बाजूंनी आणि वरून दुधात शिरतात. काही सेंटिमीटर आत गेल्यावर त्यांचा जोर ओसरतो. कप काचेच्या तबकडीवर टेकलेला असल्याने तळाला त्या कमीच पोचतात. वरचं गरम दूध हलकं, ते वरच राहतं. खालचं गार दूध जड, ते खालीच. ढवळणारं कोणी नाही. त्यात ७० अंशांच्या आसपास दुधातली प्रथिनं आपलं रूप बदलायला लागतात, पृष्ठभागावरचं पाणी उडतं, आणि प्रथिनं व स्निग्धांश यांची साय धरते. खालून येणारी वाफ या पापुद्र्याखाली अडकते. प्रथिनांमुळे तिचे बुडबुडे फुटत नाहीत, फेस होऊन चढतात, आणि दोन-तीन सेकंदांत अर्धा कप तबकडीवर. तेवढ्यात दार उघडण्याचं चापल्य कोणाकडेही नसतं, म्हणून समोर उभं राहून लक्ष ठेवणं हा उपाय नव्हे. उपाय म्हणजे मधे थांबून ढवळणं.

फ्रिजमधलं आधी तापवलेलं दूध जास्त उतू जातं, तेही यामुळेच. साय आधीच वर तरंगत असते. कपात ओतताना गाळणं धरा किंवा चमच्याने साय मोडून दुधात मिसळून टाका. म्हशीच्या दुधाला आणि ६ टक्के स्निग्धांशाच्या फुल क्रीमला याची गरज जास्त. ३ टक्क्यांच्या टोन्ड दुधाची साय पातळ असते, पण तेही उतू जातं.

पद्धत अशी. मग ३०० ते ३५० मिलिलिटरचा घ्या आणि त्यात दूध २०० मिलिलिटर, म्हणजे फार तर दोन-तृतीयांश. साखर घालायची असेल तर आधीच घालून विरघळवा. मग तबकडीच्या मधोमध न ठेवता कडेला ठेवा. मायक्रोवेव्हच्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते आणि आत काही जागा फार तापतात, काही जेमतेम. मधोमध ठेवलेला कप स्वतःभोवतीच फिरत राहतो. कडेचा कप सगळ्या जागांमधून जातो. पूर्ण शक्तीवर ४५ सेकंद, मग दार उघडून चमचा तळापर्यंत नेऊन ढवळा. पुन्हा ३० सेकंद. यंत्र थांबल्यावर कप २०-३० सेकंद आतच राहू द्या, मग बाहेर काढून परत एकदा ढवळा आणि चाखा. ढवळून झाल्यावर चमचा बाहेर. झाकण लावायचं नाही. घट्ट झाकण तर कधीच नाही.

वेळेचे अंदाज: फ्रिजमधून काढलेलं २०० मिलिलिटर दूध ६५ अंशांपर्यंत न्यायला ८०० वॅटला ७५ ते ९० सेकंद, ७०० वॅटला ८५ ते १०० सेकंद. ओट्यावर राहून खोलीच्या तापमानाला आलेल्या दुधाला यापेक्षा साधारण तिसरा हिस्सा वेळ कमी लागतो. दोन कप एकदम ठेवले तर दुप्पट वेळ लावू नका, पावणेदोन पटीवर तपासा. अर्धा लिटर जगमध्ये असेल तर ८०० वॅटला सुमारे तीन मिनिटं, पण दर मिनिटाला ढवळून. ६० ते ६५ अंश हे पिण्याचं तापमान आहे. कॉफीसाठी ७० चालेल. ७५ च्या पुढे साय, उकळलेल्या दुधाचा वास आणि उतू जाण्याची भीती या तिन्ही गोष्टी एकदम येतात, फायदा काही नाही.

लेबलवरचे वॅट खरे आहेत का हे घरी कळतं. लिटरभर पाणी मोठ्या काचेच्या भांड्यात घ्या, तापमान मोजा, पूर्ण शक्तीवर बरोबर दोन मिनिटं चालवा, ढवळून लगेच पुन्हा मोजा. तापमान जितके अंश वाढलं त्याला ३५ ने गुणा. २० अंश वाढले तर साधारण ७०० वॅट. संध्याकाळी वीजदाब पडतो अशा गावात हीच चाचणी रात्री आठला केली तर आकडा खाली आलेला दिसतो, कारण साध्या ट्रान्सफॉर्मरच्या यंत्रात दाब पडला की लहरींचा जोरही पडतो. म्हणजे सकाळी नव्वद सेकंदांत होणारं दूध रात्री कोमट निघालं तर यंत्र बिघडलं असं लगेच समजू नका. तापमान मोजायला दांडीचा डिजिटल थर्मामीटर घ्या. बंदुकीसारखा इन्फ्रारेड नको, तो फक्त वरचा थर मोजतो आणि दुधाच्या बाबतीत नेमका वरचा थरच फसवा असतो.

फिरकीचं मॉडेल घ्यायचं की बटणांचं? भाजी गरम करायला फिरकी पुरते, ती टिकतेही जास्त. पण दोन मिनिटांच्या आतल्या वेळेला फिरकीचा नेम चुकतो आणि दुधाला नेमकी तीच वेळ लागते. फिरकी असेल तर आधी दोन मिनिटांच्या पुढे फिरवून मग मागे आणा. आतल्या स्प्रिंगला ताण बसून वेळ जरा बरी लागते. निव्वळ दुधासाठी घेत असाल तर बटणांचं घ्या. ‘अधिक ३० सेकंद’ हे एक बटण बाकी सगळ्या मेनूंपेक्षा जास्त वापरलं जातं. तयार ‘दूध’ किंवा ‘पेय’ असा मेनू असतो, पण तो कपातलं प्रमाण आणि सुरुवातीचं तापमान गृहीत धरून चालतो. तुमचं दूध त्या गृहीतकात बसत नसेल तर एकदा गार, एकदा उतू. त्या बटणाला आमच्याकडून पाचपैकी दोन.

मध्यम शक्ती ही कमी तीव्रतेची लहर असते असा समज आहे. साध्या यंत्रात तसं नसतं. लहर पूर्ण जोराचीच असते, फक्त काही सेकंद चालू, काही सेकंद बंद. गुणगुण बदलते ती त्यामुळे. दुधाला याचा फायदा होतो, कारण बंद असताना चढलेला फेस बसतो. मधे ढवळायला जमणार नसेल तर ५० टक्क्यांवर दुप्पट वेळ लावा. इन्व्हर्टरच्या महाग मॉडेलमध्ये जोर खरोखर कमी होतो. छान असतं, पण कपभर दुधासाठी जादा पैसे मोजण्याइतकं नाही.

भांड्यांत पहिली पसंती ५०० मिलिलिटरचा, चोच असलेला बोरोसिलिकेट काचेचा मापाचा जग. किंमत तीन-पाचशेच्या घरात. तोंड रुंद, त्यामुळे फेसाला जागा मिळते. आतलं दिसतं, माप बाहेर छापलेलं, आणि ही काच तापल्यावर फार कमी पसरते, म्हणून फ्रिजमधून थेट आत गेली तरी तडकत नाही. साध्या काचेचा, कटिंग चहाचा असतो तसला ग्लास तडकू शकतो. त्यात नको. जाड चिनी मातीचा मग चालतो, पण त्याची एक परीक्षा आधी घ्या: रिकामा मग आणि शेजारी पाण्याने भरलेला दुसरा कप, एक मिनिट पूर्ण शक्तीवर. रिकामा मग गारच राहिला तर तो दुधासाठी योग्य. गरम झाला तर त्याची माती किंवा झिलई स्वतःच लहरी शोषते. दूध कोमट आणि कान चटका देणारा, असं रोज होईल. बुडाला झिलई नसलेले मग धुतल्यावर पाणी पितात आणि मग तसेच तापतात. पाण्याचा कप न ठेवता यंत्र रिकामं चालवू नका.

सोनेरी किंवा चंदेरी कड असलेले, दिवाळीत भेट आलेले कप नकोत, ठिणग्या उडतात. दुहेरी भिंतीचा स्टीलचा मग नको. मेलामाइन दिसायला चिनी मातीसारखं, पण ते स्वतः तापतं आणि कालांतराने चिरतं. कुल्हडमध्ये ओल असते, तडकण्याचा धोका. प्लास्टिक वापरायचंच असेल तर बुडाला ५ आकडा आणि मायक्रोवेव्हची खूण असलेलं पॉलिप्रोपिलीन. पण दुधातला स्निग्धांश आणि उष्णता एकत्र आली की प्लास्टिकमधले घटक उतरण्याची शक्यता वाढते, आणि हळदीचा डाग तर जन्मभराचा. काच असताना प्लास्टिक कशाला?

काचेचं अगदी गुळगुळीत, नवं भांडं आणि त्यात साधं पाणी असेल तर आणखी एक धोका असतो. पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही बुडबुडे न येता शांत राहतं आणि चमचा किंवा कॉफीची पूड पडली की एकदम उसळून अंगावर येतं. दुधात प्रथिनं, स्निग्धांशाचे कण असल्याने हे पाण्याइतकं सहज होत नाही, पण फार तापलेल्या दुधात कोरडी पूड टाकली की ते भसकन फसफसतंच. म्हणून थांबून, ढवळून, मग पूड. ब्लॅक कॉफीसाठी पाणी गरम करताना आत लाकडी काडी ठेवली की बुडबुड्यांना सुरुवात करायला जागा मिळते.

पेयांनुसार थोडं थोडं. इन्स्टंट कॉफी दीड चमचा, साखर आणि चमचाभर पाणी कपात घोटून घ्या, वरून ६५-७० अंशांचं दूध ओता. फिल्टर कॉफीला डिकॉक्शन पुन्हा तापवू नका, दूध थोडं जास्त गरम घ्या. माल्टची किंवा चॉकलेटची पूड गरम दुधात गुठळी धरते. दोन मोठे चमचे गार दुधात आधी लगदा करा. फेस हवा असेल तर झाकणाच्या बरणीत गार दूध निम्म्यापर्यंत भरून अर्धा मिनिट जोरात हलवा, झाकण काढा आणि मग ३०-४० सेकंद गरम करा. गरमीने फेस घट्ट होऊन काही मिनिटं टिकतो. बरणीचं झाकण धातूचं असतं, ते आत जाता कामा नये.

हळदीचं दूध नुसतं गरम केलं तर कच्च्या हळदीचा वास राहतो. पाव चमचा हळद आणि चिमूटभर मिरपूड दोन चमचे पाण्यात किंवा अर्धा चमचा तुपात २० सेकंद आधी गरम करा, मग दूध.

आल्याचं काम नाजूक आहे. ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं विकर असतं आणि त्याला सर्वांत मानवणारं तापमान आहे साधारण ६० ते ७० अंश, म्हणजे नेमकं कपातल्या दुधाचं. गॅसवर चहा खळखळ उकळतो आणि विकर निकामी होतं. मायक्रोवेव्हमध्ये किसलेलं आलं थेट दुधात टाकलं तर दूध नासतं किंवा खरवसासारखं थिजतं, आणि दोष दुधाला दिला जातो. आलं आधी पाण्यात उकळी येईपर्यंत तापवा, गाळा, मग दुधात घाला. सुंठ वापरली तर हा त्रास फारसा नाही. गुळाचंही तसंच: त्याच्या आम्लतेमुळे तापत्या दुधाबरोबर तो दूध फाडू शकतो. दूध गरम होऊन बाहेर आल्यावर, जरा निवल्यावर गूळ.

आणि चहा? १०० मिलिलिटर पाणी, दीड चमचा पूड, जगमध्ये दोन मिनिटं, गाळून गरम दुधात, असं करता येतं. रंग फिका येतो, चव पुढे सरकत नाही. उकळ्या फोडून होणारा चहा या यंत्रातून निघत नाही. झालेला चहा पुन्हा गरम करायला मात्र चांगलं. मसाला दुधाचंही तेच: कोजागिरीचं आटीव दूध हे पातेल्याचं आणि कालथ्याचं काम.

तान्ह्या बाळाचं दूध, आईचं काढलेलं असो वा पावडरचं, मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. बाटली बाहेरून कोमट लागते आणि आत एखादा भाग तोंड भाजण्याइतका गरम असतो. आईच्या दुधातले उपयुक्त घटकही जास्त उष्णतेने कमी होतात. बाटली कोमट पाण्याच्या वाडग्यात काही मिनिटं ठेवा, हलवा, मनगटावर थेंब टाकून बघा. मोठ्या मुलांचा कप ४०-४५ अंशांवर द्या. ६० अंशांचं दूध लहान मुलाच्या अंगावर सांडलं तर काही सेकंदांत भाजतं. मायक्रोवेव्ह मुलांच्या डोक्याच्या उंचीवर ठेवू नका आणि मोठ्यांच्या डोक्यावरही नको. कप छातीच्या खालून बाहेर यायला हवा.

खर्चाचं गणित मजेशीर आहे. ८०० वॅटचं यंत्र विजेचे साधारण १२०० वॅट घेतं. दीड मिनिटाला ०.०३ युनिट, म्हणजे आठ-दहा रुपयांच्या दराने पंचवीस-तीस पैसे. रोज एक कप धरला तर महिन्याला युनिटही होत नाही. पण समोरचं घड्याळ दिवसरात्र दोन वॅट घेत असेल तर तेच महिन्याला जवळपास दीड युनिट खातं. वापर झाला की भिंतीवरचं बटण बंद करा. प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटलाच, एक्स्टेन्शन बोर्डवर नाही.

दूध सांडलं तर लगेच पुसा. तबकडीखालच्या चाकांच्या कड्यात ते वाळून चिकटलं की तबकडी अडखळते आणि दूध एका बाजूने तापायला लागतं. आत उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखी दिसणारी अभ्रकाची पातळ पट्टी असते. लहरी तिच्यातूनच आत येतात, ती काढून टाकायची नसते. तिच्यावर दूध-साखर उडून करपलं की तिथे काळा डाग पडतो आणि ठिणग्या सुरू होतात. ओल्या मऊ फडक्याने हलकेच पुसा, घासणी लावू नका. आतला वास घालवायला वाडगाभर पाण्यात लिंबाच्या फोडी टाकून चार मिनिटं चालवा, पाच मिनिटं दार बंद ठेवा, मग पुसा. पट्टी जळलीच तर मेकॅनिक नवी, त्याच मापाची कापून बसवून देतो. शंभर-दोनशेचं काम असतं, त्यासाठी यंत्र टाकून देऊ नका. तोवर वापरू मात्र नका.

पर्याय बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. पाण्याच्या विजेच्या किटलीत दूध कधीच नाही. बुडाला चिकटून करपतं, आणि वाफेवर बंद होणारी कळ चालू होण्याआधीच फेस चोचीतून बाहेर येतो. शिट्टीचा दूध कुकर, दुहेरी भिंतीत पाणी भरायचा तो, लिटर-दोन लिटर दुधासाठी अजूनही सगळ्यांत निर्धास्त. कपभरासाठी मात्र तो फार वेळ घेतो. इंडक्शनवर छोटं पातेलं ठेवलं तर चहाही होतो आणि दूधही, पण घासायला एक भांडं वाढतं.

वसतिगृहात किंवा ऑफिसात राहणारे, वेगवेगळ्या वेळी दूध पिणारं कुटुंब, रात्री एकट्याचा कप लागणारे ज्येष्ठ नागरिक यांनी घ्यावा. ज्येष्ठांसाठी यंत्रावर कागद चिकटवून ठेवा: ‘४५, ढवळणे, ३०, थांबणे, ढवळणे’. घरात सकाळी पाच जणांचा चहा एकदम टाकला जात असेल आणि दूध सुटं येत असेल, तर निव्वळ दुधासाठी हे पाच-सात हजार घालू नका.